पोटात अन्न होते

कल्याण, ता. ४ नोव्हेंबर १८८९

गं. भा. उत्तरा हिस भावाचे अनेक आशीर्वाद.

मायना लिहितानाच हात अडला. तुला लिहिलेल्या शेवटच्या पत्रावर 'चि. सौ.' होते. त्यानंतर मी लिहिलेच नाही, तेव्हा 'गं. भा.' ही अक्षरे तुझ्या नावामागे माझ्या हाताने आज पहिल्यांदा पडली. दहा वर्षे व्हायला तीन महिने कमी आहेत. इतक्या दिवसांच्या अबोल्याची क्षमा मागतो. दवाखान्याच्या कामातून सवड झाली नाही असे आधी लिहिले होते. ते खोडले, कारण ते खरे नाही. ठाणे इथून तासाभरावर आहे. महिन्यातून दोनदा मी टेंभी नाक्यावरून जातो, आणि तुमच्या गल्लीचे तोंड आले की रस्त्याची दुसरी बाजू धरतो.

गेल्या सोमवारी तुझी वहिनी ठाण्याला कोपिनेश्वराच्या दर्शनाला गेली होती. तिथे तुझी जाऊ कलावतीबाई भेटली. तुझ्या उजव्या अंगाला छातीत गाठ आहे, गेल्या वर्षीच्या गौरीगणपतीपासून आहे, आणि तू पदर घट्ट ओढून ती सगळ्यांपासून लपवतेस, हे तिने देवळाच्या पायरीवर बसून सांगितले. डॉक्टरचे नाव काढले की तू म्हणतेस म्हणे, ''ज्या हातानं नवऱ्याला मारलं, त्याच अंगाला हे आलंय. भोगून संपवायचं.''

उत्तरा, लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तू त्या दिवशी सकाळी खाऊ घातलेस म्हणून गुरुदत्तराव मूतखड्याच्या शस्त्रक्रियेत माझ्या टेबलावर गेले, असे म्हणतात. तू निर्दोष आहेस. का, ते लिहायला हवे. ते आज या पत्रात होत नाही.

आज डॉक्टर म्हणून विचारतो, आणि या गोष्टी भावाने बहिणीला विचारण्याच्या नव्हेत हे जाणून विचारतो. गाठ बोटाखाली सरकते, की छातीच्या फासळ्यांना चिकटली आहे? वरची कातडी आत ओढली गेली आहे का? काखेत खड्यासारखे काही लागते का? तुला संकोच होत असेल तर कलावतीबाईंच्या हाताने तपासून घे. गाठ मोकळी असेल तर ती काढता येते, आणि बाई पुढे पुष्कळ वर्षे जगते. चिकटलेली असेल तर गोष्ट निराळी. म्हणून घाई करतो आहे.

तू चाळिशीची आहेस. हे वय भोगून संपवण्याचे नव्हे.

हरिहर

कल्याण, ता. २० नोव्हेंबर १८८९

चि. उत्तरास आशीर्वाद.

तुझे पाकीट परवा मिळाले. चार ओळी आहेत, त्या मी किती वेळा वाचल्या ते लिहीत नाही. लहानपणी मीच तुला पाटीवर अक्षरे शिकवली. तुझा 'र' अजून तसाच मागे झुकतो. मात्र त्या चार ओळींत मी 'तू'चा 'तुम्ही' झालो आहे, हेही लक्षात आले.

गाठ थोडी हलते आणि काखेत काही नाही, असे लिहितेस. हे वाचून मला जितका आनंद झाला तितका या वर्षात दुसऱ्या कशाने झालेला नाही.

शेवटी लिहितेस, ''तुमच्या हाताखाली किती जगतात, ते एकदा कळवा.'' टोमणा आहे हे कळले. तरी उत्तर देतो, कारण माझ्याकडे उत्तर आहे. १८८० च्या मार्चपासून मी एक वही ठेवली आहे. ज्यांना कापणे मुळातच धोक्याचे होते तेवढेच तीत आहेत: म्हातारे, मधुमेहाचे, अफूची सवय असलेले, तापाने किंवा उपासमारीने खंगलेले. पहिल्या पाच वर्षांत असे चौतीस कापले, अकरा गेले. त्यानंतर आजवर बावन्न, त्यांतले पाच गेले. त्या पाचांची नावे मला तोंडपाठ आहेत.

फरक कशाने पडला म्हणशील, तर माझ्या हाताच्या कौशल्याने नाही. हात तोच आहे, उलट डोळे अधू झाले. कार्बोलिकचे पाणी, उकळलेली हत्यारे, कापलेली नखे यांनी थोडा पडला. पण जास्त फरक पडला तो सुरी हातात घेण्याच्या आधीच्या दिवसांत. पूर्वी खंगलेला माणूस आला की तसाच टेबलावर घेत असू. आता त्याला पंधरा दिवस ठेवून घेतो. दूध पाजतो, खाणारा असेल तर अंडी देतो. लघवी तपासतो. अफू एकदम तोडत नाही. टेबलाची खोली शेगडीने गरम करतो. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी खोलीत एक माणूस असा ठेवतो की त्याच्या हातात काही नसते. त्याने फक्त रोग्याच्या तोंडाकडे बघायचे, श्वास मोजायचा, आणि काही वावगे वाटले तर 'थांबा' म्हणायचे. तो थांबा म्हणाला की सगळ्यांनी थांबायचे, मग सुरी कोणाच्याही हातात असो.

हे काम करते ती कोपर गावची आवडाबाई. आगरी बाई, विधवा, वय पन्नासच्या पुढे. झाडलोट करायला आली होती. तिला लिहितावाचता येत नाही. शंभराच्या पुढे मोजताही येत नाही, पण श्वास शंभराच्या पुढे मोजावा लागत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. कळव्याच्या मिठागरातला गुणाजी म्हणून मजूर होता. पाय घोट्यापर्यंत सडलेला, तो कापायचा होता. मुंबईहून मोठे सर्जनसाहेब आले होते, कारण मांडीपर्यंत जावे लागेल की काय अशी शंका होती. गुणाजी टेबलावर, साहेबांनी बाह्या सावरलेल्या, मी रुमालाचा द्रोण करून त्यावर क्लोरोफॉर्मची बाटली तिरपी केलेली. एवढ्यात आवडाबाई वाकली.

''डाक्तर, थांबा. ह्याच्या तोंडाला म्हावऱ्याचा वास हाय.''

मी गुणाजीला विचारले, ''काही खाल्लंस?''

''नाय डाक्तर. पाण्याचा थेंब नाय.''

आवडाबाई म्हणाली, ''त्याला काय इचारता? बायको बाहेर बसलीय, तिला इचारा.''

बायकोचे नाव रतन. ती आधी रडली, मग भांडायला उठली. ''माणूस जीव द्यायला निघालाय, त्याला उपाशी धाडू? एवढुसा भात आन् कोलीम दिला. मीच दिला. मना काय ते बोला.''

साहेब घड्याळ काढून बघत होते. मला म्हणाले, एवढ्याशा भाताने काय होते, आलो आहे तर उरकू. मी द्रोण खाली ठेवला. साहेब दुपारच्या गाडीने चिडून परत गेले आणि पंधरा दिवस त्यांनी माझ्या पत्राचे उत्तर दिले नाही. गुणाजीचा पाय तिसऱ्या दिवशी मीच कापला. आज तो कळव्याला बसून मिठाच्या गोणी मोजतो. मला म्हणतो, ''डाक्तर, एक वहाण शिलकीत पडली, ती तुमीच घ्या.''

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात नियम आहे. उपाशी राहायचे हे रोग्याला सांगायचे नाही, त्याला जो वाढतो त्याला सांगायचे. आणि सकाळी विचारायचे तेही वाढणाऱ्यालाच.

हे सगळे तुला यासाठी लिहिले, की तू माझ्या हाताखाली येशील तर कोणत्या जागी येशील ते तुला कळावे. आवडाबाईने थांबा म्हटले तेव्हा या वेळी मी थांबलो. एवढा तरी मी बदललो आहे.

डिसेंबरात ये. थंडीत जखम चांगली भरते.

हरिहर

कल्याण, ता. १ डिसेंबर १८८९

चि. उत्तरास,

तुझ्या पत्रात या खेपेला एकच ओळ आहे. ''या वेळी थांबलात, म्हणजे कोणत्या वेळी थांबला नव्हतात?''

मी ते पत्र टाकण्यापूर्वी दोनदा वाचले होते. तो शब्द मला दिसला होता. खोडला नाही. तू विचारावेस म्हणून ठेवला, की विचारणार नाहीस अशा आशेने, हे मी चार दिवस स्वतःला विचारतो आहे. कोणतेही उत्तर मला शोभणारे नाही.

आता सांगतो.

१७ फेब्रुवारी १८८०. गुरुदत्तराव आणि तू घरच्या माणसांसोबत सकाळच्या गाडीने ठाण्याहून आलात. त्यांना मधुमेह होता, त्यांच्या लघवीला मुंग्या लागत हे तूच मला सांगितले होतेस. मी वर्षभर त्यांची साखर तोडली होती. अशा माणसाचा मूतखडा काढणे धोक्याचे, हे मला ठाऊक होते. पण खडा त्यांना उभे राहू देत नव्हता. रात्री नऊनंतर पोटात काही नको, हे मी आठ दिवस आधी त्यांना कचेरीत जाऊन सांगितले. त्यांच्या टेबलाशी उभा राहून, कारकुनांच्या देखत. ते 'बरं, बरं' म्हणाले. तुला मी सांगितले नाही. नवरा बायकोला सांगेल असे मी धरून चाललो. आणि त्यांना वाटले असेल, ही गोष्ट बायकांना सांगण्यासारखी नाही. स्वयंपाक तू करणार, वाढणार तू, आणि तुम्हा दोघांपैकी जिला कळायला हवे होते तिला कोणीच सांगितले नाही.

इथपर्यंतची चूक मी स्वतःशी कबूल केली आहे, पुष्कळदा. ती कबूल करणे सोपे होते.

त्यांना टेबलावर घेतले. शस्त्रक्रियेला मुंबईहून आलेल्या साहेबांची परतीची गाडी सव्वाअकराची होती आणि साडेदहा होऊन गेले होते. मी रुमाल त्यांच्या तोंडाजवळ नेला तेव्हा मला वास आला. केशराचा. त्यामागे तुपाचा आणि वेलदोड्याचा. मी विचारले, ''काही खाल्लंत का?'' त्यांनी मान हलवली, नाही. साखरेवर माझा पहारा होता ना! वर्षभराने चोरून गोड खाल्लेला माणूस आपल्या डॉक्टरसमोर कबूल कसा करील? हे मला तेव्हाच कळले होते. नंतर नाही, तेव्हाच. त्यांच्या नजरेत पकडले गेल्याचा भाव होता, थोडा मिस्किलही होता.

मी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. मी चौतीस वर्षांचा होतो, नव्याने नेमला गेलो होतो. स्वतःच्या मेहुण्याला उपाशी ठेवता आले नाही असे साहेबांना सांगावे लागेल, याची मला लाज वाटली. मी क्लोरोफॉर्म ओतला.

पुढचे तुला ठाऊक आहे. उलटी झाली, ती छातीत गेली.

आणि आता जे सर्वांत वाईट ते. तुझे सासरे दवाखान्याच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी विचारले, ''काय झालं?'' मी म्हणालो, ''पोटात अन्न होतं.''

हे खरे होते. मी खोटे बोललो नाही. दहा वर्षे मी याच वाक्याच्या आडोशाला बसलो आहे. त्या तीन शब्दांनी सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. तू दवाखान्यामागच्या निंबाखाली त्यांचे उपरणे मांडीवर घेऊन बसली होतीस. मी त्या माना वळताना पाहिल्या. पुढचे वाक्य, 'आणि ते मला कळलं होतं', माझ्या ओठांवर होते की नव्हते, हे मला आज नक्की सांगता येत नाही. होते, असे वाटून घ्यायला मला आवडते.

त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीच्या पानावर एकच शब्द आहे: केशर. दवाखान्याच्या नोंदीत मी 'हृदयक्रिया बंद' असे लिहिले.

तुझ्या हाताने कोणी मेले नाही. तू जेवू घातलेस. मारले मी. हे पत्र तू कोणालाही दाखवू शकतेस. दाखवावेस अशी माझी इच्छा आहे. पण ती इच्छाही सोयीची वाटते, म्हणून येत्या रविवारी मी स्वतः टेंभी नाक्यावर येतो आणि सर्वांसमोर सांगतो.

हरिहर

कल्याण, ता. १० डिसेंबर १८८९

चि. उत्तरास,

रविवारी तू दाराआड होतीस. मी बोललेले सगळे तू ऐकलेस. तरी ओटीवर काय काय घडले ते तुला दिसले नसेल, म्हणून लिहितो.

तुझ्या सासूबाई विमलाबाई वाती वळत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. बसा म्हणाल्या होत्या, पण मला बसवेना. मी बोलत असताना त्यांचे हात थांबले नाहीत. तुझे दीर मात्र मधेच उठले. ''मग दहा वर्षं काय झोपला होतात? आमच्या घरातली बाई दहा वर्षं सणावाराला गोडाच्या पानावरून उठून जाते. डॉक्टरांना वास ओळखायला एवढा वेळ लागतो होय?'' त्यांचे ओठ पांढरे झाले होते. मी 'हो' म्हणालो.

मग विमलाबाई बोलल्या. आवाज इतका खाली होता की तुला दाराआड नीट ऐकू आला की नाही कोण जाणे, म्हणून जसेच्या तसे लिहितो.

''शिरा कर म्हणून मीच म्हटलं होतं. एवढ्या मोठ्या कामाला निघालाय, तोंड गोड करून पाठव, म्हटलं. ती म्हणाली, भाऊंना आधी विचारून बघू का? मी म्हटलं, दही-साखर हातावर ठेवायला कुणी डॉक्टरला विचारतं का गं? त्यानं दोनदा मागून घेतला शिरा. मी वाढला दुसऱ्यांदा. मी.''

तुझे दीर आईकडे बघत राहिले. विमलाबाईंनी वात पुरी वळली आणि तबकात ठेवली.

उत्तरा, तू विचारू का म्हणाली होतीस. हे तू दहा वर्षांत कोणालाही सांगितले नाहीस. मी माझा दोष लपवला, विमलाबाईंनी त्यांचा, आणि ज्या एकीने योग्य प्रश्न विचारला होता तिने आम्हा दोघांना झाकले. मी त्या ओटीवरून उतरलो असतो तर पुन्हा कधी चढलो नसतो. तेवढ्यात तू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलीस आणि म्हणालीस, ''गाडी किती वाजता आहे तुझी?''

'तुझी' म्हणालीस. साडेपाचची होती. मी घाईत चारची सांगितली, कारण मला तुझ्यासमोर आणखी वेळ उभे राहवेना. स्टेशनावर दीड तास बसून होतो.

जानेवारीच्या पाचव्या तारखेला तुझे दीर तुला घेऊन येणार, असे त्यांचे पत्र आज आले. खोली झाडून घेतली आहे. साहेबांनाही लिहिले आहे.

हरिहर

कल्याण, ता. ९ जानेवारी १८९०, दिवेलागण

उत्तरा,

तू भिंतीपलीकडच्या खोलीत आहेस आणि मी तुला पत्र लिहितो आहे. सवय लागली. लिहिल्याशिवाय मला खरे बोलता येत नाही, हा दोष आता सुधारायला हवा.

तुझा आवाज ऐकू येतो. आवडाबाईशी बोलते आहेस. ''किती वेळा हुंगाल हो माझं तोंड? दुपारपासून तीनदा झालं.'' आणि ती, ''उद्या टेबलावर घ्यायचं हाय, तुमच्या भावाचा हुकूम हाय. मी माझ्या सुनेला बी इतकी नाय हुंगत.'' तू हसलीस. तुझे हसणे मी शेवटचे कधी ऐकले ते आठवत नाही.

काल तू तुझ्या वहिनीला म्हणालीस, ''यातून उठले तर पहिला शिरा तुमच्या हातचा. दहा वर्षं झाली, चवही विसरले.'' ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी मात्र त्या वेळी सुखात होतो.

आज दुपारी पुन्हा तपासताना मी विचारले, ''कलावतीबाईंनी नोव्हेंबरात तपासलं तेव्हा गाठ हलत होती ना?'' तू खिडकीकडे मान वळवलीस आणि म्हणालीस, ''जाऊबाईंना मी हातच लावू दिला नव्हता. हलते असं मीच लिहिलं. तुला बरं वाटावं म्हणून.''

तुझी मान वळली तेव्हा गळ्याच्या हाडावरच्या खळगीत मला एक गोळा दिसला. वाटाण्याएवढा, बोटाखाली दगडासारखा. तो चार दिवसांपूर्वी, तू आलीस त्या दिवशी, तिथे नव्हता असे लिहावेसे वाटते. तो होता. माझे बोट तिथवर गेले नव्हते, कारण मी नेले नव्हते. छातीतली गाठ हलते आहे, असे मी त्या दिवशी स्वतःला सांगितले. आज नीट धरून पाहिली. ती फासळीला चिकटली आहे, आणि रोग गळ्यापर्यंत पसरला आहे. मी पुन्हा खाणाऱ्यालाच विचारले होते, आणि पुन्हा मला हवे ते उत्तर मिळाले म्हणून तिथेच थांबलो होतो.

माझ्या वहीत अशा पाच बाया आहेत. तिघींना कापले. जखम भरली नाही, दोन महिन्यांच्या आत तिघी गेल्या, आणि ते दोन महिने कसे गेले ते मी पाहिले आहे. दोघींना कापले नाही. एक सात महिने राहिली, दुसरी चौदा. शेवटचे सोडले तर आपल्या घरी, आपल्या पायांवर. पाच हा आकडा फार लहान आहे, त्यावर कोणाचा जीव तोलू नये, हे मला कळते. पण माझ्याकडे एवढेच आहे. साहेब कापा म्हणतील. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मात्र त्यांनी कापलेली बाई दोन महिन्यांनी कशी होती, ते बघायला ते कधी परत येत नाहीत.

आवडाबाईला ओसरीवर बोलावून सांगितले, आणि सकाळपर्यंत तुला कळू देऊ नकोस म्हणालो. तिने हातातली केरसुणी खाली ठेवली. मग म्हणाली, ''डाक्तर, राग नका मानू. बाईच्या जीवासाठी थांबता, का तुमचा हात कापतोय म्हणून? त्ये आधी ठरवा.''

तेव्हापासून तेच ठरवतो आहे. तू माझी बहीण नसतीस, मुरबाडहून आलेली कोणी अनोळखी बाई असतीस, तर काय केले असते? वही उघडली, ती पाच नावे पुन्हा वाचली, आणि नाव झाकून सहावी तूच आहेस असे समजून पाहिले. नसते कापले. हे मी तीनदा केले. तिन्ही वेळा तेच उत्तर आले, तेव्हा उठून स्टेशनावर गेलो आणि साहेबांना येऊ नका अशी तार केली. त्या वेळी मी टेबलाशी 'थांबा' म्हणालो नाही. आज एक दिवस आधी म्हणालो आहे. पण त्या वेळी म्हटले असते तर माणूस वाचला असता, आज म्हणून तू वाचत नाहीस.

एक हिशेब मात्र मांडावाच लागेल, आणि तो तू मांडणार नाहीस. १८८८ च्या गौरीगणपतीत ही गाठ लिंबाच्या बीएवढी असेल, मोकळी असेल. तू तेव्हा आली असतीस तर बहुधा वाचली असतीस. तू आली नाहीस, कारण आपल्या हाताने नवरा मारला असे तुला वाटत होते. तसे वाटले, कारण मी ओट्यावर तीन शब्द बोललो आणि पुढचे गिळले. मी एक माणूस मारला असे दहा वर्षे मानत होतो. ते दोन होतील.

हे तुला सांगितले की तू काय म्हणशील, ते मला ठाऊक आहे. ''असू दे, भाऊ.'' ते ऐकायला मी घाबरतो, तुझ्या रागाला इतका घाबरलो नसतो.

आणि निर्णय माझा एकट्याचा नाही, हेही तुला सांगणार आहे. वही तुझ्यापुढे ठेवीन. पाचही नावे तू वाच. तरी कापून घ्यायचे म्हणालीस तर मी स्वतः तुला मुंबईच्या इस्पितळात घेऊन जाईन, तुझ्याजवळ उभा राहीन, हातात काहीही न धरता. पण उद्या नाही, आणि इथे नाही.

आवडाबाईने तुला रात्रीपासून उपाशी राहायला सांगितले आहे. सकाळी पुढे ताट आले की नियम माहीत असल्यामुळे तू लगेच ओळखशील. तसे होऊ देणार नाही. ताटाला बोलू देणार नाही. आधी मी तुझ्यासमोर बसेन, हे पत्र खिशात ठेवून, आणि तोंडाने सांगेन, सगळे, पुढचे वाक्य न गिळता. मग ताट.

तुझ्या वहिनीला विचारले, रवा किती भाजायचा. तिने सांगितले, रंग बदलेपर्यंत, हात न थांबवता. केशर आहे म्हणाली, डबीत, थोडे.

उद्याचे काम: उत्तरासाठी शिरा करणे.